या चुका टाळा: नवं व्हर्जन चढवण्याच्या घाईत जुनं उतरवायचं राहतं

सकाळी साडेसहाला फोन वाजला की ओळखायचं, घोळ आपणच घातलाय. आमचं सॉफ्टवेअर कोल्हापूरच्या आसपासच्या गावांतल्या दूध संस्था वापरतात. दिवसातून दोनदा संकलन. काट्यावर लिटर, मशीनवर फॅट आणि एसएनएफ (दुधातला फॅटशिवायचा घनांश), की लगेच हातात पावती. त्या दिवशी पावतीवरचा एक शब्द तेवढा बदलायचा होता. घरूनच, चहा पिता पिता डिप्लॉय करून टाकलं, म्हणजे नवं व्हर्जन सर्व्हरवर चढवलं. रोलिंग अपडेट आहे (जुन्या प्रती एकेक काढत नव्या लावायच्या), आमचे कंटेनर सांभाळणारं कुबरनेटिस बघून घेईल म्हटलं.

"साहेब, पावती निघंना झालीया. बटन दाबलं की नुसतं पाचशे दोन म्हणतंय. माणसं किटल्या घिऊन हुबी हायती."

लॅपटॉप उघडेपर्यंत सगळं सुरळीत. चारही पॉड (कुबरनेटिसमध्ये चालणाऱ्या ॲपच्या प्रती) हिरवे, रोलआउट यशस्वी. लॉगमध्ये मात्र अर्ध्या-पाऊण मिनिटाच्या पट्ट्यात ५०२ ची, म्हणजे मागच्या ॲपकडून नीट उत्तर न आल्याच्या एररची, रांग लागलेली. नव्या पॉडचं काहीच चुकलं नव्हतं. घोळ केला होता तो जाता जाता जुन्या पॉडनी. संस्थेत काटा बदलायचा असला तर जुन्यावर ठेवलेली किटली आधी मोजून होते, मग काटा हलतो. आम्ही किटलीसकट काटा उचलला होता.

जुन्या कंटेनरला निरोपच पोचत नाही

आमचा कंटेनर (ॲप ज्या डब्यात चालतं तो) सुरू होताना एक छोटी शेल स्क्रिप्ट चालायची. ती दोन-चार गोष्टी तपासायची आणि शेवटच्या ओळीत ॲप सुरू करायची. म्हणजे कंटेनरात प्रोसेस क्रमांक १ झाली शेल आणि ॲप झालं तिचं पोर. पॉड बंद करताना सिगटर्म हा 'आवरतं घे' सांगणारा सिग्नल जातो तो क्रमांक १ ला. शेल तो पुढे देत नाही. ॲपला पत्ताच नसतो, ते निवांत काम घेत बसतं. डिफॉल्ट ३० सेकंदांची मुदत संपते आणि जबरदस्तीने बंद करणारं सिगकिल येऊन मानगूट धरतं. हातातली पावती अर्धवट. कुबरनेटिसशिवाय नुसतं डॉकर (कंटेनर चालवणारं साधन) वापरत असाल तर डॉकर स्टॉपची मुदत त्याहून कमी, १० सेकंद.

उपाय एका शब्दाचा आहे: स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत ॲपच्या कमांडआधी एक्झेक लिहा. मग शेलच्या जागी ॲपच क्रमांक १ होतं. अर्थात सिग्नल मिळाल्यावर काय करायचं हे ॲपला शिकवावं लागतंच: नवी कनेक्शन घेऊ नको, हातातलं पुरं कर, डेटाबेसचा पूल (उघडून ठेवलेली कनेक्शन) बंद कर, मग जा.

आपल्याकडे हाच आजार आहे का, हे बघायला एक पॉड डिलीट करा आणि घड्याळ लावा. मोजून ३० सेकंद लागत असतील आणि एक्झिट कोड १३७ दिसत असेल, तर निरोप पोचत नाही.

निरोप मिळाला, पण दार लवकर लागलं

एक्झेक घातल्यावर वाटलं, जिंकलं. दुसऱ्या डिप्लॉयला पुन्हा ५०२, या वेळी दोन-तीन सेकंदच. ॲप आता शहाण्यासारखं लगेच दार लावत होतं आणि गिऱ्हाइकं अजून दारात येत होती.

इथे बरेच जण फसतात, कारण मनात एक क्रम धरलेला असतो: आधी पॉड ट्रॅफिकच्या यादीतून निघणार, मग त्याला सिगटर्म जाणार. प्रत्यक्षात दोन्ही गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. पॉड यादीतून निघाल्याची बातमी प्रत्येक नोडवर (क्लस्टरमधल्या मशीनवर) ट्रॅफिक वळवणाऱ्या क्यूबप्रॉक्सीपर्यंत आणि बाहेरचं ट्रॅफिक आत घेणाऱ्या इनग्रेसपर्यंत पोचायला थोडा वेळ जातो. तेवढ्या वेळात बंद झालेल्या दारावर रिक्वेस्ट येऊन आपटतात. म्हणून प्रीस्टॉप हुकमध्ये, म्हणजे सिगटर्मच्या आधी चालणाऱ्या पायरीत, काहीच न करता दहाएक सेकंद थांबायचं. दिसायला बावळट वाटतं, पण तोच खरा उपाय आहे. इमेजमध्ये (कंटेनर ज्यातून बनतो त्या साच्यात) स्लीप कमांडच नसेल, तर कुबरनेटिस १.३० पासून प्रीस्टॉपला स्वतःची स्लीप मिळाली आहे, ती वापरा.

फक्त हिशोब घाला. प्रीस्टॉपचा वेळ त्या ३० सेकंदांतूनच कापला जातो. आमच्याकडे दहा दिवसांच्या बिलाची पीडीएफ निघायला कधी कधी २५ सेकंद लागतात. १० आणि २५ झाले ३५. ती मुदत, म्हणजे ग्रेस पिरियड, ६० सेकंद केला तेव्हा कुठे बिलं मधेच तुटायची थांबली.

रेडिनेस प्रोब नुसता "ठीक आहे" म्हणतो

पॉड ट्रॅफिक घ्यायला तयार आहे का हे रेडिनेस प्रोब तपासतो. पोर्ट उघडला की २०० (सगळं ठीक) परत देणारा प्रोब म्हणजे दारावर झोपलेला वॉचमन. दरपत्रक मेमरीत आलं का, डेटाबेसशी पहिलं कनेक्शन झालं का, हे बघून मगच त्याने हो म्हणावं. उलट बाजूची चूक जास्त महाग पडते: तोच डेटाबेसचा तपास लाइव्हनेस प्रोबमध्ये (ज्यात नापास झालं की रिस्टार्ट होतं त्यात) घालणं. डेटाबेस जरा दमला की सगळे पॉड एकदम रिस्टार्ट होतात आणि दमलेल्या डेटाबेसवर एकदम तुटून पडतात. प्रोबचा डिफॉल्ट टाइमआउट १ सेकंदच असतो, हेही ध्यानात असू द्या.

डेटाबेस एकच, व्हर्जन दोन

ट्रॅफिक कसंही वळवा, ब्लू-ग्रीनने (जुन्या ब्लूशेजारी नवा ग्रीन पूर्ण उभा करून), रोलिंगने किंवा कॅनरीने (नव्याला आधी थोडंच ट्रॅफिक देऊन). काही काळ दोन्ही व्हर्जन जिवंत असतात आणि दोघांचा डेटाबेस एकच असतो. आम्ही एकदा 'दर' या कॉलमचं नाव बदलून 'मूळ दर' केलं, कारण पुढे दरफरक वेगळा ठेवायचा होता. मायग्रेशन, म्हणजे डेटाबेसची रचना बदलणारं काम, आधी चाललं, मग पॉड बदलू लागले. मधल्या काळात जुने पॉड 'दर' शोधत होते आणि तो कॉलम जगात नव्हता. मागे फिरावं म्हटलं तर जुनं व्हर्जनही चालेना. परतीचा रस्ता आम्ही स्वतःच उखडला होता.

हे काम एका डिप्लॉयचं नाहीच. आधी नवा कॉलम जोडा. मग दोन्हीकडे लिहिणारं व्हर्जन चढवा. जुना डेटा थोडा थोडा करून नव्या कॉलममध्ये भरा. त्यानंतर वाचणं नव्यावर आणा. जुन्याला कोणी हात लावत नाही याची खात्री झाली की आठ-दहा दिवसांनी तो काढा. कंटाळवाणं आहे, मान्य. पण यातल्या कुठल्याही टप्प्यावरून एक पाऊल मागे येता येतं.

पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरणाऱ्यांसाठी अजून एक. टेबल बदलणारी कमांड कुलुपाची वाट बघत थांबली की तिच्या मागे साध्या वाचणाऱ्या क्वेरीही रांगेत अडकतात. एखादा लांबलचक रिपोर्ट चालू असेल तर कमांड स्वतः काहीच करत नाही, तरी सगळं ॲप ठप्प. मायग्रेशनआधी लॉक टाइमआउट दोन-तीन सेकंदांवर ठेवा. नाही जमलं तर नाही जमलं, पुन्हा चालवता येतं.

कनेक्शनही मोजा. पोस्टग्रेसची डिफॉल्ट मर्यादा १००. चार पॉड, प्रत्येकी २० चा पूल, म्हणजे ८०. शेजारी तेवढाच ग्रीन उभा केला की १६०. ग्रीन चढतच नाही आणि आपण दोष देत बसतो नव्या कोडला.

ट्रॅफिक ब्लूवर, एसएमएस दोघांकडून

ब्लू-ग्रीनमध्ये ग्रीन "नुसता उभा" आहे असं आपण म्हणतो. वेब नुसतं उभं असतं हो, पण क्यूमधून काम उचलणारे वर्कर आणि ठरल्या वेळी कामं चालवणारे क्रॉन उभे राहिल्या क्षणी कामाला लागतात. आमच्या ग्रीनने ट्रॅफिक यायच्या आधीच बिलाचे एसएमएस पाठवायला घेतले, ब्लूही पाठवत होताच. शेतकऱ्यांना दोन-दोन मेसेज गेले आणि संस्थेत "बिल दुप्पट झालं काय?" अशी विचारणा सुरू झाली. वर्करचं डिप्लॉय वेबपासून वेगळं ठेवा, आणि एकच काम दोनदा आलं तर दुसऱ्यांदा गप्प बसेल असं लिहा.

एकाच सर्व्हरवर डॉकर कंपोज असेल तर

सगळ्यांकडे क्लस्टर नसतो, आणि सगळ्यांना लागतही नाही. पण कंपोजने (एका फाइलवरून डॉकरचे कंटेनर चालवणाऱ्या साधनाने) नवी इमेज चढवली की आधी जुना कंटेनर थांबतो, मग नवा सुरू होतो. मधे भोक पडतंच. त्यापेक्षा दोन कंटेनर दोन पोर्टवर, समोर ट्रॅफिक वळवणारा एंजिनएक्स. नवा तयार झाला की कॉन्फिग तपासायची, पोर्ट बदलायचा आणि रीलोड. रिस्टार्ट नाही, रीलोड. रीलोडमध्ये एंजिनएक्सचे स्वतःचे जुने वर्कर हातातलं पुरं करून जातात.

इथे माझे पूर्ण दोन तास गेलेले आहेत. एंजिनएक्सही कंटेनरात होता आणि कॉन्फिगची ती एकच फाइल बाहेरून माउंट केली होती. विम एडिटरमध्ये पोर्ट बदलला, रीलोड केलं, ट्रॅफिक जुन्यावरच. पुन्हा बदललं, तेच. शेवटी कंटेनरात शिरून फाइल उघडली तर आत जुनाच पोर्ट! एडिटर सेव्ह करताना बऱ्याचदा नवी फाइल बनवून जुन्याचं नाव तिला देतो. माउंट मात्र जुन्या फाइललाच चिकटलेलं राहतं. फाइल नको, फोल्डर माउंट करा.

कंटेनरच्या नावाने पत्ता देत असाल तर तेही बघा: साध्या मांडणीत एंजिनएक्स ते नाव सुरू होताना किंवा रीलोडलाच सोडवतो. कंटेनर नव्याने बनून आयपी बदलला की तो जुन्या आयपीवर डोकं आपटत राहतो.

दुपारी दोनची कॅनरी

नव्या व्हर्जनला थोडंसं ट्रॅफिक देऊन बघणं चांगलंच. पण दुपारी दोनला आमच्याकडे संकलनच नसतं. तेव्हा कॅनरी सोडून "एकही एरर नाही" म्हणण्यात काही अर्थ नाही. आम्ही आता टक्क्यांऐवजी संस्था निवडतो: समजूतदार सचिव असलेल्या दोन संस्था रिक्वेस्टमधल्या हेडरवरून ओळखून नव्या व्हर्जनवर, तेही त्यांना आधी सांगून. एकच माणूस एका क्लिकला नव्यावर आणि दुसऱ्याला जुन्यावर, हा प्रकारही त्याने टळतो.

एररवरून अंदाज

स्विच करताना तेवढ्यापुरते ५०२: जुन्या कंटेनरचं जाणं तपासा. ५०३: यादीत एकही तयार पॉड नाही, रेडिनेस किंवा सर्व्हिसचं लेबल चुकलंय. ५०४: डेटाबेसचं कुलूप किंवा न तापलेलं ॲप. डिप्लॉय नसतानाही दिवसभर तुरळक ५०२: बॅकएंड (मागचं ॲप) कीपअलाइव्ह कनेक्शन, म्हणजे पुढच्या रिक्वेस्टसाठी उघडं ठेवलेलं, समोरच्या लोड बॅलन्सरच्या आधी तोडतोय. नोडजेएसमध्ये तो वेळ वर्षानुवर्षं ५ सेकंद राहिला आहे, समोरच्याचा मिनिटभर असू शकतो. बॅकएंडचा जास्त ठेवा.

आणि इमेजला लेटेस्ट टॅग लावू नका. मागे जायचं म्हणजे कुठे, हेच सांगता येत नाही.

आमची आताची चाचणी साधी आहे. बाहेरच्या मशीनवरून सेकंदाला दहा रिक्वेस्ट मारणारं लूप सुरू ठेवायचं आणि त्याच वेळी रोलआउट रिस्टार्ट ओळीने तीनदा करायचं. एकही रिक्वेस्ट पडली नाही तर सकाळी साडेसहालाही डिप्लॉय करायला हरकत नाही. आम्ही तरी करत नाही.