नवरा एक सांगतो, बायको दुसरंच: सर्व्हेला पहिल्यांदा निघालेल्यांसाठी

कुटुंब नियोजनाच्या सर्व्हेत नवरा-बायको दोघांनाही विचारायचं असेल तर पहिलं काम म्हणजे दोघांना वेगळं बसवणं, आणि मुंबईत तेच सगळ्यात अवघड, कारण दहा बाय दहाच्या खोलीत सासूबाई, पोरं, टीव्ही सगळं तिथेच. मी चाळीत जाते तेव्हा पाण्याची वेळ टाळते, माझा जोडीदार मिस्टरांना घेऊन खाली नाक्यावर जातो आणि मी वहिनींसोबत आत बसते, एकाच वेळी. एकाचं आज आणि दुसऱ्याचं उद्या असं केलंत तर रात्रीत दोघं बोलतात आणि मग उत्तरं जुळतात ती ठरवून जुळलेली असतात.

आता प्रश्न कसा विचारायचा. "काही वापरता का?" एवढ्यावर कधीच थांबू नका. प्रतीक्षानगरला एका ताईंनी मला सरळ "नाही" सांगितलं, मी एकेक नाव घेत गेले, निरोध, माला-एनच्या गोळ्या, तांबी म्हणजे कॉपर-टी, तिथे त्या म्हणाल्या, "तांबी आहे की, पण ती वापरायची काय, ती आतच असते ना!" ऑपरेशन झालेल्या बायकाही असंच "आता काही नाही" म्हणतात, आणि आपल्या देशात सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत बायकांचं ऑपरेशनच आहे (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे एनएफएचएस-५ मध्ये, लग्न झालेल्या बायकांत सुमारे ३८ टक्के, पुरुष नसबंदी फक्त ०.३), म्हणजे ही एक चूक केवढ्याला पडेल बघा. पुरुषांचं उलटं, "मी सांभाळतो" म्हणतात, म्हणजे वेळेवर बाहेर काढतात, ते बायकोच्या हिशोबात पद्धतच नसते. म्हणून प्रत्येक पद्धतीचं नाव घ्यायचं आणि "सध्या" आणि "आधी कधी" वेगवेगळं विचारायचं.

संबंध किती वेळा, हे नुसतं विचारलं की माणूस अंदाजाने ठोकतो. आधी शेवटचं कधी ते विचारा, मग गेल्या चार आठवड्यांचं, आणि तारीख आठवत नसेल तर गणपती, पाळी, नवऱ्याची नाईट शिफ्ट, गावाला गेलेले दिवस असं धरून मागे जायचं. निरोध शेवटच्या वेळी वापरला का हे वेगळं विचारा, "नेहमी वापरता का" ला दोघंही हो म्हणून मोकळे होतात.

आणि हे मनापासून सांगते, एकाचं उत्तर दुसऱ्याला कधीही सांगू नका, चेहऱ्यावरही दिसू देऊ नका. 'अंतरा' नावाचं गर्भनिरोधक इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घेणाऱ्या कितीतरी बायका घरात बोललेल्या नसतात, एकीने कार्ड तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवलेलं मी स्वतः पाहिलंय. नवरा "आम्ही काहीच करत नाही" म्हणाला तर ते त्याच्यापुरतं खरंच आहे, तसंच लिहायचं. घरात बसून दोन फॉर्म जुळवायला जाल तर त्या बाईला मार पडू शकतो.

जुळवणी ऑफिसात करायची, चार खाने पाडून: दोघं हो, दोघं नाही, फक्त ती, फक्त तो. समजा १०० जोडप्यांत ४०, ३५, १० आणि १५ आले. बायकांचे हो ५०, नवऱ्यांचे ५५, वरवर जवळपास सारखंच वाटतं, पण २५ घरांत उत्तर जुळलेलंच नाहीये! आणि जी ७५ जुळली त्यातली ५० तर नुसत्या योगायोगानेही जुळली असती, म्हणून 'कॅप्पा' काढतात, म्हणजे योगायोग वजा करून खरी जुळणी किती ते सांगणारा आकडा; इथे योगायोगाची ५० सोडून उरलेल्या ५० पैकी २५ जुळली, म्हणून तो ०.५ येतो, ठीकठाक म्हणायचा. न जुळलेल्या घरांना खोटारडे समजून फॉर्म बाद करू नका, आधी कुठली पद्धत आहे ते बघा, बहुतेक वेळा गोंधळ निरोध, "सांभाळणं" आणि पाळीचे दिवस मोजणं यातच सापडतो. ऑपरेशनवर न जुळलं तर मात्र आधी आपलाच फॉर्म तपासा, खूण चुकीच्या खान्यात पडलेली असते.