परग्रहाचं चित्र करताना आधी सूर्य ठरवा

ब्लेंडर या थ्रीडी चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यांदाच परग्रह उभा करणारा माणूस आधी आकाशात दोन-तीन चंद्र टांगतो. मीही टांगले होते. चित्र तरी खेळण्यातलंच दिसत होतं. चंद्र राहू द्या, आधी सूर्य बघा. ‘सन’ दिव्याच्या सेटिंगमध्ये ‘अँगल’ असतो, मुळात ०.५२६ अंश. पृथ्वीवरून सूर्य साधारण अर्धा अंश रुंद दिसतो, म्हणून हा आकडा. तुमच्या आकाशातला सूर्य सहापट मोठा असेल, तर तिथे ३ करा. सुळक्याची सावली पायथ्याशी धारदार राहते, पुढे मात्र तिच्या कडा विरघळत जातात. एवढ्यानेच जागा परकी वाटायला लागते.

मग हवा. लांबचे डोंगर आकाशाच्या रंगात मिसळले नाहीत, तर ते टेबलावरच्या ढेकळांसारखे दिसतात. हवेत प्रकाश विखुरणाऱ्या ‘व्हॉल्यूम स्कॅटर’ने रेंडर, म्हणजे अंतिम चित्र तयार होणं, रेंगाळतो; त्यापेक्षा ‘मिस्ट’ पास (अंतरानुसार धुकं दाखवणारा वेगळा थर) घेऊन कंपोझिटरमध्ये, म्हणजे रेंडरनंतर थर एकत्र करतात तिथे, रंग चढवा. रंग सुचत नसेल तर मंगळ आठवा: दिवसा पिवळसर-तपकिरी आकाश, आणि बारीक धुळीमुळे मावळत्या सूर्याभोवती निळसर झाक. नेहमीच्या जांभळ्या आकाशापेक्षा हे कितीतरी अनोळखी. ग्रहाला हवाच नसेल तर धुकं अजिबात नको. भर दिवसाही आकाश काळंच ठेवा.