ब्रॉयलर शेडसाठी नवा सुपरवायझर कसा तयार करावा

महाराष्ट्रातील पुष्कळसे ब्रॉयलर (मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या कोंबड्यांचे) शेड आज करार पद्धतीवर चालतात. कंपनी पिल्ले, खाद्य आणि औषधे पुरवते. शेतकऱ्याचे शेड, पाणी, वीज आणि मजुरी असते. आणि या दोघांमधला रोजचा दुवा म्हणजे सुपरवायझर. कृषी पदविका किंवा विज्ञान शाखेची पदवी घेऊन आलेल्या तरुणाच्या हाती पहिल्याच आठवड्यात तापमानाचा, लसीकरणाचा आणि वजनाचा असे तीन तक्ते ठेवून त्याला मोटारसायकलवर फेरीला धाडले जाते. तक्ते आवश्यक आहेतच, परंतु तापमानाचा आकडा बरोबर असूनही पिल्ले कडेला का गोळा झाली आहेत, हे तक्ता सांगत नाही. ते पिलाचे शरीर सांगते. म्हणून प्रशिक्षणाचा क्रम शरीरापासून शेडकडे असावा, आणि औषधांची यादी अगदी शेवटी हातात द्यावी, असे माझे ठाम मत आहे.

प्रशिक्षणासाठी एक संपूर्ण लॉट, म्हणजे एकाच वेळी शेडमध्ये आलेली पिलांची तुकडी, राखून ठेवावा. जमिनीवरची तुसाची जुनी गादी काढून शेड धुण्यापासून शेवटचा पक्षी गाडीत चढेपर्यंत प्रशिक्षणार्थी त्याच शेडवर असला पाहिजे. उरुळी कांचनची डॉ. बी. व्ही. राव संस्था, इज्जतनगरची केंद्रीय पक्षी संशोधन संस्था किंवा महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची महाविद्यालये येथील शिक्षणाने पाया पक्का होतो. तरीही एका लॉटचे सगळे दिवस ओळीने पाहिल्याशिवाय कालच्या चुकीचा आजच्या मरतुकीशी असलेला संबंध ध्यानात येत नाही.

पिल्ले येण्यापूर्वी एका निरोगी पक्ष्याचे विच्छेदन करून दाखवावे. रोगट पक्षी उघडण्याची घाई सर्वांनाच असते, पण निरोगी अवयव न पाहिलेल्या माणसाला रोगट अवयव ओळखता येत नाही. कोंबडीला आपल्यासारखे श्वासपटल नसते, तिची फुप्फुसे बरगड्यांना चिकटलेली असतात आणि छातीपासून पोटापर्यंत पसरलेल्या नऊ हवापिशव्यांतून हवा खेळते. या पिशव्यांचा पडदा निरोगी पक्ष्यात जवळजवळ पारदर्शक असतो. तो प्रशिक्षणार्थ्याने चिमटीत धरून उजेडात पाहावा. श्वासातून आलेला जंतुसंसर्ग थेट पोटापर्यंत का पोचतो आणि पुढे हृदय व यकृतावर पांढरट साय का धरते, हे एवढ्या निरीक्षणाने कायमचे समजते. त्याच वेळी अन्नपिशवी म्हणजे क्रॉप, खाद्य दळणारी स्नायूंची पिशवी म्हणजे गिझार्ड, आतड्याच्या शेवटाजवळच्या दोन बंद टोकाच्या नळ्या म्हणजे सीका आणि गुदद्वाराच्या वरच्या बाजूची बर्सा ही प्रतिकारशक्ती घडवणारी लहानशी गाठ दाखवून ठेवावी, कारण पुढच्या पाच-सहा आठवड्यांत यांची नावे रोज निघणार आहेत.

ब्रूडिंगचा, म्हणजे पिलांना कृत्रिम ऊब देण्याचा काळ सर्वांत जास्त वेळ देऊन शिकवावा. एक दिवसाचे पिल्लू साधारण ४० ते ४२ ग्रॅमचे असते आणि पहिले काही दिवस त्याला स्वतःचे शरीराचे तापमान राखता येत नाही. ही क्षमता पूर्ण यायला सुमारे दोन आठवडे लागतात. याचा अर्थ, पहिल्या आठवड्यात शेडचे तापमान हेच पिलाचे तापमान असते. त्यामुळे पिल्ले येण्याच्या किमान २४ तास आधी, आणि थंडीत त्याहूनही आधी, ब्रूडर (ऊब देणारी शेगडी किंवा दिवे) पेटवून ठेवावेत, जेणेकरून हवेबरोबर तुसाची गादीही २८ ते ३० अंश सेल्सिअसपर्यंत तापेल. ब्रूडरच्या कडेला पिलांच्या उंचीवर ३२ ते ३३ अंश हवेत आणि पुढे दर आठवड्याला ते सुमारे तीन अंशांनी उतरवत न्यावेत. थर्मामीटर माणसाच्या डोक्याच्या उंचीवर टांगलेला असेल, तर तो प्रशिक्षणार्थ्याकडूनच खाली आणवावा. कोळशाच्या शेगड्या वापरणाऱ्या शेडमध्ये धुराला बाहेर जायला वाट आहे की नाही, हे तापमानाच्याही आधी पाहावे, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

यानंतर हाताने पाहण्याची शिकवण सुरू होते. लहान मुलांचे तापमान पाहण्याचा कानाचा थर्मामीटर पिलाच्या गुदद्वाराशी अलगद टेकवून तापमान घ्यावे. पहिल्या चार-पाच दिवसांत ते ३९.४ ते ४०.५ अंशांच्या दरम्यान असावे. पिलाचे पाय आपल्या गालाला लावले आणि ते गार लागले, तर गादी थंड आहे, मग भिंतीवरचा आकडा काहीही असो. पिल्ले ब्रूडरखाली दाटीने जमली तर त्यांना थंडी वाजते आहे, चिक गार्डला, म्हणजे ब्रूडरभोवतीच्या कुंपणाला टेकून चोच उघडी ठेवत असतील तर उकडते आहे, आणि एकाच बाजूला सरकली असतील तर विरुद्ध बाजूने वाऱ्याची झुळूक येते आहे. पिल्ले सर्वत्र सारखी पसरलेली, काही खाताना, काही पिताना, काही झोपलेली दिसली की समाधान मानावे.

पिल्ले सोडल्यावर दोन तासांनी, आठ तासांनी आणि २४ तासांनी क्रॉप तपासायला लावावे. शेडच्या तीन-चार वेगवेगळ्या जागांतून प्रत्येकी तीस-चाळीस पिल्ले घ्यावीत, पिल्लू तळहातात धरावे आणि गळ्याच्या तळाशी अंगठा व तर्जनीने हलकेच चाचपावे. क्रॉप गोल आणि मऊ लागले, भिजलेल्या पिठासारखे, तर पिलाने खाद्य आणि पाणी दोन्ही घेतले आहे. खाद्याचे कण टोचतील इतके कडक लागले, तर पाणी सापडलेले नाही. पाण्याने फुगल्यासारखे असेल, तर खाद्य सापडलेले नाही. दोन तासांनी किमान ७५ टक्के, आठ तासांनी ८० टक्क्यांहून अधिक आणि २४ तासांनी ९५ टक्क्यांहून अधिक पिलांचे क्रॉप भरलेले असावे. आकडा कमी आला तर त्या क्षणी ड्रिंकरची (पाण्याच्या भांड्याची) उंची, निपलला (चोच लावताच पाणी सोडणाऱ्या तोटीला) येणारे पाणी, कागदावर पसरलेले खाद्य, उजेड आणि तापमान पाहावे. सकाळपर्यंत थांबू नये.

येथे एका जुन्या समजुतीबद्दल स्पष्ट बोलणे आवश्यक वाटते. पिलाच्या पोटात अंड्यातील पिवळ्या बलकाचा साठा असतो, तो जिरल्याशिवाय खाद्य देऊ नये, म्हणून पहिले कित्येक तास केवळ गूळपाणी किंवा मक्याचा भरडा देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. बलकाचा साठा असतो हे खरे आहे आणि त्यातूनच आईकडून आलेली रोगप्रतिकारक द्रव्ये पिलाला मिळतात. परंतु खाद्य पोटात गेल्यावर आतड्याची हालचाल वाढते आणि तो साठा उलट लवकर वापरला जातो. आतड्याच्या आतील केसांसारख्या उंचवट्यांची वाढ या पहिल्याच दिवसांत वेगाने होत असते, आणि ती खाद्याच्या स्पर्शावर अवलंबून असते. दूरच्या प्रवासाने सुकलेल्या पिलांना पहिले पाणी इलेक्ट्रोलाइटचे (क्षार मिसळलेले) द्यावे, पण प्री-स्टार्टर, म्हणजे सुरुवातीच्या दिवसांचे खाद्य त्यांच्यासमोर पहिल्या तासापासूनच असावे. सातव्या दिवशी वजन पहिल्या दिवसाच्या किमान चौपट, चांगल्या लॉटमध्ये साडेचारपट भरते. पहिल्या आठवड्याची मरतूक एक टक्क्याच्या आत राहिली पाहिजे.

लसीकरणही शरीराच्या अंगाने शिकवले की लक्षात राहते. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची पहिली लस साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब टाकून देतात. गंबोरोची, म्हणजे बर्सावर हल्ला करणाऱ्या विषाणूरोगाची लस १२ ते १४ दिवसांच्या सुमारास पाण्यातून देतात. गंबोरोसाठी एवढे थांबायचे कारण असे, की आईकडून आलेली प्रतिकारद्रव्ये जास्त असताना दिलेली लस तीच द्रव्ये निकामी करतात, आणि फार उशीर केला तर ती द्रव्ये संपलेली व लस न मिळालेली अशी उघडी फट विषाणूला मिळते. म्हणून नेमका दिवस पिलांच्या मूळ कळपावर आणि त्या भागातील रोगाच्या जोरावर पशुवैद्यकाने ठरवावा, सुपरवायझरने तो परस्पर बदलू नये. पाण्यातून लस देताना त्या पाण्यात क्लोरीन नसावे, लिटरला सुमारे अडीच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळावी, आधी एक-दीड तास पाणी तोडावे आणि लसीचे पाणी दोन तासांत संपेल इतकेच तयार करावे.

उन्हाळा हा आपल्याकडचा दुसरा मोठा धडा आहे, विशेषतः विदर्भात, जेथे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. तिच्या शरीराचे तापमान ४१ ते ४२ अंश असते, त्यामुळे बाहेरची हवा त्याच्या जवळ पोचली की अंगावरून वारा गेला तरी उष्णता पुरेशी निघत नाही आणि धापा टाकून श्वासावाटे पाण्याची वाफ सोडणे एवढाच मार्ग उरतो. धापा मिनिटाला दीडशेच्याही वर जातात. त्यातून रक्तातील कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर निघून जातो, रक्त अल्कधर्मी होते आणि मूत्रपिंडे बायकार्बोनेटसह क्षार बाहेर टाकू लागतात. पाण्यात इलेक्ट्रोलाइट किंवा खाण्याचा सोडा का देतात, याचे उत्तर येथे आहे.

खाद्य पचतानाही शरीरात उष्णता तयार होते आणि ती खाल्ल्यानंतर काही तासांनी वाढते. त्यामुळे सकाळी दहाच्या आत फीडर वर उचलावेत आणि संध्याकाळी पाचनंतर खाली सोडावेत. रात्री उजेड ठेवून पक्ष्यांना भूक भागवू द्यावी. पाणी मात्र क्षणभरही तुटता कामा नये. दुपारी प्रशिक्षणार्थ्याला गच्चीवरच्या किंवा शेडजवळच्या उघड्या टाकीत हात घालायला सांगावा आणि मग निपलखाली तळहात धरायला लावावा. पाणी कोमट लागले तर पक्षी ते कमी पिणार, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. टाकीवर सावली करावी, ओली पोती गुंडाळावीत आणि दुपारी पाइपमधील तापलेले पाणी सोडून द्यावे. छपराला पांढरा चुना द्यावा. हिवाळ्यात पक्ष्याला साधारण एक चौरस फूट जागा पुरत असली, तरी उन्हाळी लॉटमध्ये ती सव्वा चौरस फुटापर्यंत वाढवावी. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या हवेत फॉगर (पाण्याचे बारीक तुषार उडवणारे यंत्र) उत्तम काम करतो. कोकणात किंवा गोव्यात मात्र हवा आधीच दमट असल्याने फॉगरची वाफ पक्ष्याच्या धापांनाच अडथळा करते. तेथे भरवसा पंख्यांवर आणि मोकळ्या बाजूंवर ठेवावा. बसून राहिलेल्या जड पक्ष्यांच्या पोटाखाली उष्णता कोंडते, म्हणून ऐन दुपारी शेडमधून अगदी सावकाश, हात न हलवता एक फेरी मारून त्यांना उठवावे.

थंडीचा धडा छोटा असला तरी नाशिक पट्ट्यात तो चुकवून चालत नाही. पडदे खालून वर ओढून वरची फूट-दीड फूट जागा रात्रीही मोकळी ठेवावी. शेड पूर्ण बंद केल्यावर प्राणवायू कमी पडतो, वेगाने वाढणाऱ्या पक्ष्याच्या हृदयाच्या उजव्या भागावर ताण येतो आणि पोटात पाणी होऊन चांगल्या वजनाचे पक्षी मरतात. अमोनिया उभ्याने जाणवत नाही. गुडघ्यावर बसून पक्ष्याच्या उंचीवर श्वास घ्यावा, डोळे चुरचुरले तर तो २५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) आसपास किंवा वर गेलेला आहे. मूठभर तूस दाबून पाहावे: मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर गादी ओली आहे, हलकेच सुटला तर योग्य आहे.

रोज सकाळी मेलेले पक्षी उघडण्याची सवय लावावी, हातमोजे आणि मास्क घालून, शेडपासून दूर आणि चुना टाकलेल्या खड्ड्याजवळ. सीकामध्ये रक्त दिसले तर कॉक्सिडिओसिसचा (आतड्यातील परजीवीच्या रोगाचा), सुजलेली बर्सा आणि मांडीच्या स्नायूंवर रक्ताचे ठिपके दिसले तर गंबोरोचा, प्रोव्हेंट्रिक्युलसमधील (गिझार्डच्या आधीच्या जठरातील) ग्रंथींवर रक्तस्राव दिसला तर मानमोडीचा, हृदय-यकृतावर खडूसारखा पांढरा थर दिसला तर गाउटचा (युरिक आम्लाचे क्षार साचण्याच्या विकाराचा) संशय धरावा. ‘संशय’ हाच शब्द त्याने नोंदवहीत लिहावा. निदान पशुवैद्यकाचे आणि प्रयोगशाळेचे. मात्र एकाएकी मोठ्या संख्येने पक्षी मरू लागले, तुरे निळसर पडले, डोके सुजले, तर एकही पक्षी न उघडता शेड बंद करावे आणि पशुसंवर्धन विभागाला कळवावे. भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक २००६ मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला झाला आणि २०२१ मध्ये तो तेथे पुन्हा आला. एका दिवसात पाच शेड फिरणारा सुपरवायझर स्वतःच्या बुटांवरून रोग नेऊ शकतो, हे त्याला वारंवार सांगावे: लहान वयाची पिल्ले आधी, मोठे पक्षी नंतर, आजारी शेड सर्वांत शेवटी, आणि प्रत्येक दारात त्या शेडच्याच चपला.

औषधांची यादी आता द्यावी. कोलिस्टिनचा खाद्यप्राण्यांसाठीचा वापर केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये बंद केला आहे; इतर प्रतिजैविके पशुवैद्यकाच्या लेखी सल्ल्यानेच द्यावीत आणि विक्रीपूर्वी औषध बंद ठेवण्याचा कालावधी नोंदवहीत तारखेसह लिहावा.

लॉट संपल्यावर हिशेब प्रशिक्षणार्थ्यानेच मांडावा. जगलेल्या पक्ष्यांच्या टक्केवारीला सरासरी वजनाने गुणावे, वय आणि एफसीआर (एक किलो वजनवाढीमागे लागलेले खाद्य, किलोत) यांच्या गुणाकाराने भागावे आणि १०० ने गुणावे, म्हणजे उत्पादन निर्देशांक मिळतो. ९५ टक्के पक्षी, २.१ किलो वजन, ३८ दिवस आणि १.६ एफसीआर असेल तर तो सुमारे ३२८ येतो. पक्षी तीन-चार दिवसांत टप्प्याटप्प्याने उचलले असतील तर वय प्रत्येक दिवशी गेलेल्या पक्ष्यांच्या संख्येनुसार सरासरीने काढावे, अन्यथा निर्देशांक फसवा निघतो. मग नोंदवहीतील क्रॉपची टक्केवारी, सातव्या दिवसाचे वजन आणि हा निर्देशांक एकाच पानावर लिहून, कोणत्या दिवशी काय वेगळे करायला हवे होते हे त्याच्याकडून लेखी घ्यावे, आणि पुढच्या लॉटला ब्रूडर पेटवण्याची जबाबदारी त्याच्यावर सोपवावी.