टेकडीमागे लेक मिशिगन नाही! स्लीपिंग बेअरला तंबू घेऊन जाताना

मिशिगन राज्यातल्या स्लीपिंग बेअर ड्यून्सला, म्हणजे लेक मिशिगन या सरोवराकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर, आम्ही दर उन्हाळ्यात तंबू घेऊन जातो. आणि दरवेळी निघायच्या आधी कुणीतरी सांगतंच, "टेकडी चढायची, पलीकडे उतरलं की लेक. अर्ध्या तासाचं काम!" असं सांगणारा स्वतः अर्ध्या टेकडीवरून फोटो काढून परतलेला असतो.

आधी राहण्याचं बघू. उन्हाळी शनिवार-रविवार हवा असेल तर जागा काही महिने आधी ऑनलाइन धरून ठेवा. भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे आलेले असतील तर सरळ प्लॅट रिव्हर कॅम्पग्राउंड घ्या, तिथे आंघोळीची सोय आहे. डी. एच. डे कॅम्पग्राउंडमध्ये ना शॉवर, ना वीज, पण झाडीतून चार पावलं टाकली की समोर लेक मिशिगन. आम्ही तिथेच राहतो. पार्कचा प्रवेश पास वेगळा काढावा लागतो. शेकोटीची लाकडं घरून नेऊ नका, त्यातून झाडं पोखरणारी कीड पसरते. तिथलीच प्रमाणित लाकडं विकत घ्या. तंबूसोबत मिळणाऱ्या नाजूक खुंट्या वाळूमिश्रित जमिनीत टिकत नाहीत, म्हणून लांब खुंट्या न्या. रात्री खाणं गाडीत ठेवा, नाहीतर रॅकून तुमची भाजणी फस्त करतील.

आता खरा विषय, ड्यून क्लाइंब, म्हणजे ती चढायची टेकडी. पार्किंगसमोरच वाळूची उभी भिंत दिसते. पोरं धावत सुटतात, मोठ्यांनाही चेव येतो. वर पोचल्यावर मागे वळलात तर निळंशार ग्लेन लेक दिसतं. समोर मात्र लेक मिशिगन नाही, तर वाळूची पुढची टेकडी असते. ती चढलात की आणखी एक. लेकपर्यंत जाऊन परत यायचं म्हणजे साडेतीन मैल, म्हणजे साडेपाच किलोमीटरच्या वर, आणि त्याला तीन ते चार तास लागतात. वाटेत पाणी नाही, सावली जवळपास नाहीच.

पहिल्या वर्षी मी हे सगळं चुकीचं केलं. जुलैतले दुपारचे दोन, चार माणसांत पाण्याच्या तीन छोट्या बाटल्या आणि पायात स्लिपर. तिसऱ्या टेकडीवर धाकटी "पाय भाजतायत" म्हणून रडायला लागली. तिला कडेवर घेतलं, तर माझा पाय घोट्यापर्यंत रुतायला लागला. लेक गाठलं, पण तिथे कसली मजा, डोक्यात फक्त परतीचा रस्ता. येताना बायको एक शब्द बोलली नाही. तो शांतपणा मला अजून आठवतो.

म्हणून आता माझे नियम कडक आहेत. सकाळी सातच्या आत चढायला लागायचं. रात्री पाऊस पडून गेला असेल तर सोन्याहून पिवळं, कारण ओली वाळू पायाखाली घट्ट राहते. शिकागोहून येणाऱ्यांनो, इथलं घड्याळ तासभर पुढे असतं, गजर त्या हिशेबाने लावा. पायात मोजे आणि बंद बूट. "वाळूत अनवाणीच मजा" हा सल्ला दुपारी बारानंतर देणाऱ्याला त्याच वाळूत उभं करावं. माणशी दोन लिटर पाणी, आणि लेकवर पोचताना त्यातलं निम्मं शिल्लक हवं. नसेल तर पहिल्या वर्षीची माझी फजिती आठवा आणि अर्ध्यातूनच वळा. चढताना सरळ वर धावू नका. आधीच्या माणसाच्या पावलाच्या खड्ड्यात बुटाचा पुढचा भाग रोवत तिरकं चढायचं. वाट निळ्या टोकाच्या खांबांनी दाखवली आहे, पुढचा खांब दिसल्याशिवाय हातातला सोडू नका.

दुसरा मोह पिअर्स स्टॉकिंग ड्राइव्ह या गाडीरस्त्यावरच्या लेक मिशिगन ओव्हरलुकचा, म्हणजे उंचावरून लेक बघायच्या जागेचा. तिथून थेट लेकमध्ये उतरणारा ४५० फुटांचा वाळूचा कडा आहे. उतरायला काही मिनिटं लागतात. वर येताना मात्र लोक चार पायांवर रांगत, दर दहा पावलांनी आडवे होत, तास-दोन तास घालवतात. तिथे इशाऱ्याचा फलक उगाच लावलेला नाही. वरूनच बघा.

बाकी सगळं सोपं आहे. प्लॅट नदीत ट्यूब किंवा कयाक भाड्याने घेऊन वाहत जा. पाणी उथळ, धार संथ आणि शेवटी थेट लेक. सायकली असतील तर हेरिटेज ट्रेल डी. एच. डेला लागूनच जातो. पोहायला मुलांना ग्लेन लेकवर न्या, मिशिगनचं पाणी जूनमध्ये दात वाजवतं. किनाऱ्यावर षटकोनी नक्षीचा राखाडी दगड सापडला तर तो पेटोस्की स्टोन, म्हणजे प्राचीन प्रवाळाचा जीवाश्म. ओला केला की नक्षी उठून दिसते. फोटो काढा आणि तिथेच ठेवा, या पार्कमधून दगड नेता येत नाहीत.

जूनअखेर सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो. स्वयंपाक त्याआधी उरकून घ्या, अंधार पडला की डास तुम्हाला जेवू देत नाहीत.