व्यावसायिकांच्या ग्रुपवर कसं वागावं: विशेषतः दुसऱ्याचं उत्तर खोडताना

ऑनलाइन शिष्टाचाराचे बहुतेक सल्ले 'नम्र राहा' इथे सुरू होतात आणि तिथेच संपतात. नम्र सगळेच असतात, आपलं उत्तर कुणी खोडेपर्यंत. त्यामुळे सोप्या पायऱ्या भराभर उरकतो आणि अवघड पायरीवर थांबतो.

१. आधी वाचा. सॅली हॅम्ब्रिज यांनी १९९५ साली 'आरएफसी १८५५' नावाची इंटरनेटवरच्या शिष्टाचाराची नियमावली लिहिली. तिच्यात म्हटलंय की एक-दोन महिने नुसतं वाचावं, मग तोंड उघडावं. आजच्या ग्रुपसाठी आठवडा पुरे. पिन केलेले नियम मात्र पहिल्याच दिवशी वाचायचे.

२. प्रश्न पूर्ण विचारा. धूसर स्क्रीनशॉट आणि खाली 'जाणकारांनी मार्गदर्शन करावे', हा प्रश्न नव्हे. काय करायचं होतं, काय केलं, काय झालं, एवढं एकाच मेसेजमध्ये लिहा. एरर आली असेल तर ती जशीच्या तशी टाइप करा, म्हणजे पुढे शोधणाऱ्याला सापडेल. व्हॉइस नोट नको. कामाच्या वेळेत ती कुणी ऐकत नाही.

३. फोटो टाकण्यापूर्वी चारही कोपरे बघा. एक्स-रेत चेहरा नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, आणि कोपऱ्यात रुग्णाचं नाव, तारीख ठळक छापलेली असते. हिशेबाच्या शीटचंही तेच: आकडे झाकलेले, पण खालच्या टॅबवर ग्राहकाचं नाव. मोबाइलच्या हायलायटरने मारलेल्या काळ्या पट्टीवर भरवसा नको. ती थोडी पारदर्शक असते आणि ब्राइटनेस वाढवला की मजकूर डोकावतो. तो भाग कापूनच टाका.

४. चुकीचं उत्तर खोडणं. खरी मेख इथे आहे, आणि मलाही हे जमायला बराच काळ गेला.

'दुसऱ्याची चूक खासगीत सांगा' हा सल्ला तुम्हाला जागोजागी मिळेल. माणसाच्या वागण्याबद्दल तो बरोबर आहे, पण माहितीबद्दल साफ चुकीचा. खासगीत तुम्ही दोघं शहाणे होता, चुकीचं उत्तर ग्रुपवर तसंच राहतं आणि उद्या कुणीतरी त्यावर विसंबून काम करतं. माहितीची चूक जिथे झाली तिथेच दुरुस्त करायची. स्वभावाची तक्रार असेल तर ती खासगीत.

आता ही दुरुस्ती कशी करायची ते बघा. समजा, कुणी विचारलं की एक्सेलमध्ये व्हीलुकअप (यादीतून नोंद शोधून आणणारं सूत्र) भलतेच आकडे देतंय, आणि एका ज्येष्ठ सदस्याने सांगितलं, 'सूत्राचा चौथा भाग लिहायची गरज नाही, माझं वर्षानुवर्षं चाललंय.' त्यांचं चाललंही असेल. चौथा भाग लिहिलाच नाही तर एक्सेल तो 'ट्रू' धरतं, म्हणजे जवळपासची नोंद उचलतं, आणि यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे असं गृहीत धरतं. तिथे 'फॉल्स' लिहिलं तर तंतोतंत जुळणारी नोंदच उचलतं. त्यांची यादी क्रमाने असणार, विचारणाऱ्याची नसणार.

म्हणून त्यांच्याच मेसेजला रिप्लाय करून लिहा: 'सर, यादी चढत्या क्रमाने असेल तर हे चालतं. इथे ती विस्कळीत दिसतेय. चौथ्या जागी फॉल्स लिहून एकदा बघा, आकडा बदलला तर कारण हेच.' बास, एवढंच. पहिल्या वाक्यात त्यांचं उत्तर कुठे बरोबर ठरतं ते आलं. ही खुशामत नाही, वस्तुस्थिती आहे. अनुभवी माणसाचं चुकीचं उत्तर बऱ्याचदा दुसऱ्याच कुठल्यातरी परिस्थितीतलं बरोबर उत्तर असतं. शेवटी कुणालाही स्वतः करून बघता येईल अशी तपासणी आली. ती दिली की निकाल एक्सेल लावतं, तुम्हाला लावावा लागत नाही.

काय लिहू नये तेही सांगतो. 'राग मानू नका, पण' लिहू नका, ते वाचूनच राग येतो. 'तुम्ही' हा शब्द शक्यतो टाळा आणि उत्तराबद्दल बोला. हसरा इमोजी तर मुळीच नको. मतभेदाच्या शेवटी तो खिजवल्यासारखा दिसतो.

समोरून तिखट उत्तर आलं तर? नवीन माहिती असेल तरच दुसऱ्यांदा लिहा, तिसऱ्यांदा कधीच नाही. भावनेच्या भरातलं उत्तर रात्रभर थांबून पाठवावं, हेही त्याच १९९५ च्या नियमावलीत आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मेसेज १५ मिनिटांत दुरुस्त करता येतो खरा, पण राग काही तेवढ्यात उतरत नाही. अ‍ॅडमिनला मध्ये ओढू नका, शिवीगाळ झाली तर गोष्ट वेगळी. आणि तुमचीच दुरुस्ती चुकली असेल तर 'बरोबर, माझं चुकलं' एवढं लिहून मोकळे व्हा. स्पष्टीकरणाचा परिच्छेद कुणी मागितलेला नसतो.

५. उत्तर मिळालं की कोणता उपाय लागू पडला ते त्याच धाग्यात लिहा. आभारांना अंगठा पुरे.

६. ग्रुपमधलं बोलणं बाहेर न्यायचं तर माहिती न्या, नावं नको. 'चॅटम हाऊस नियम' म्हणून १९२७ पासून बैठकांमध्ये हेच पाळतात. स्क्रीनशॉट काढून वरिष्ठांना पाठवणारा एक जण कळला, की बाकीचे प्रश्न विचारणंच बंद करतात.

७. ग्रुप सोडायचा तर निरोपाचं भाषण न करता सोडा. व्हॉट्सअ‍ॅपवर २०२२ पासून त्याची सूचना फक्त अ‍ॅडमिनला जाते.