अल्को चालू करायचं तर आधी खाली उतरा

आमच्या पुणे–मिरज–कोल्हापूर मार्गावर आता वरून तारा आल्या. नव्या असिस्टंट ड्रायव्हर मुलांचा हात इलेक्ट्रिकवरच बसतो, आणि मग एखाद्या दिवशी यार्डात शंटिंगला, म्हणजे डबे इकडून तिकडे हलवायला, जुनं अल्को डिझेल इंजिन वाट्याला येतं. पोरं थेट कॅबमध्ये चढतात आणि बटण शोधायला लागतात. माझी उभी नोकरी या इंजिनांवर गेली, म्हणून सांगतो. अल्को चालू होतं ते खालून, बटणाचा नंबर शेवटचा. अर्थात हे काम ज्याच्या नावावर इंजिन आहे त्याचंच. बाकीच्यांनी वाचावं, हात लावू नये.

मी सांगतोय ते डब्ल्यूडीएम-टूबद्दल. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी डिझेल, एम म्हणजे प्रवासी आणि माल दोन्हीसाठी. 1962 साली ही इंजिनं अमेरिकेच्या अल्को कंपनीकडून आली आणि 1964 पासून वाराणसीच्या कारखान्यात बनू लागली. सोळा सिलिंडर, 2600 अश्वशक्ती. पुढची डब्ल्यूडीएम-थ्री-ए 3100ची. तिच्यात जनरेटरच्या जागी अल्टरनेटर आहे, त्यामुळे क्रँकिंगची, म्हणजे चालू करायला इंजिन फिरवण्याची, जोडणी निराळी. पण खाली उतरून बघायचं ते तेच.

आधी इंजिन जागेवर बांधा. हँडब्रेक, चाकाला लाकडी गुटके, कॅबमध्ये एसए-नाइन, म्हणजे फक्त इंजिनाचा ब्रेक, लावलेला. मग टॉर्च आणि मूठभर कॉटन वेस्ट घेऊन एका बाजूने फेरी सुरू करा आणि दुसऱ्या बाजूने परत या. मधूनच उलटं फिरलात की काहीतरी सुटतंच.

डिझेलची टाकी 5000 लिटरची, तिचा गेज बघा. एक्स्पान्शन टँकच्या काचेत पाणी दिसलं पाहिजे. काच मळलेली असेल तर पुसून बघा, जुना डाग पाण्याच्या रेषेसारखा दिसतो. इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरच्या काचेतलं तेल, कॉम्प्रेसरचं तेल, आणि मग ल्यूब ऑइलची डिपस्टिक.

डिपस्टिकपाशी घाई नको. काढा, पुसा, परत घाला, पुन्हा काढा. पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे एवढं बघून भागत नाही. टोकावरचा थेंब अंगठा आणि बोटात चोळा. चांगलं तेल काळं असतं, पण त्याला तार असते, बोटं अलगद सुटत नाहीत. पाण्यासारखं सटकलं तर नाकाजवळ न्या. डिझेलचा वास आला तर कुठेतरी डिझेल तेलात उतरतंय. दुधी, चहासारखा रंग दिसला तर पाणी मिसळलंय. यातलं काहीही दिसलं तर इंजिन चालू करायचं नाही, शेडला कळवायचं. आमचे पहिले ड्रायव्हर, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, ते माझं बोट स्वतःच्या बोटाने चोळून बघायचे. मी खरंच थेंब घेतलाय का, याची खात्री.

आता ऑस्टा. इंजिन प्रमाणाबाहेर पळायला लागलं तर रॅक, म्हणजे सिलिंडरला किती डिझेल जायचं ते ठरवणारी दांडी, शून्यावर ओढून ते बंद पाडणारी ही यंत्रणा. ऑस्टाची स्वतःची दांडी सेट आहे का, हे हात लावून बघा, लांबून नाही. मी असिस्टंट होऊन सहा महिने झाले होते. मिरजेला रात्री दोन वाजता थंड इंजिन ताब्यात घेतलं. पाऊस होता, ऑस्टा टॉर्चने लांबूनच बघितला. बटण दाबलं, इंजिन फिरतंय, पण पेटत नाही. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा कॅबमधले दिवे पिवळे पडले आणि फिरणंही थांबलं. आधीच्या माणसाने ऑस्टाने इंजिन बंद केलं होतं आणि दांडी तशीच सोडली होती. बॅटरी बसली, दुसरं इंजिन शेजारी आणून तिला जोर द्यावा लागला, गाडीला उशीर झाला तो वेगळाच. मला त्या रात्रीची आजही बोच आहे. ऑस्टा बघून झाला की रॅकही हाताने सरकवून बघा. मोकळा गेला आणि मोकळा परत आला पाहिजे.

मग वर या. बॅटरी स्विच, ब्रेकर, फ्युएल पंपाचा ब्रेकर. पंपाची घरघर सुरू होईल. डिझेलच्या दाबाचा काटा चढून स्थिर होईपर्यंत थांबा. थ्रॉटल आयडलवर, पुढे-मागे दिशा ठरवणारा रिव्हर्सर मधोमध, इंजिन कंट्रोल स्विच आयडलवर. जवळ कोणी नाही ना, हे ओरडून विचारा आणि उत्तर आल्यावरच बटण दाबा.

क्रँकिंगला बॅटरीचा करंट मेन जनरेटरमध्ये जातो आणि काही क्षण तोच मोटार होऊन क्रँकशाफ्ट फिरवतो. पहिले एक-दोन ठोके अडखळत येतात, मग अंगाखालची पाटी थरथरते. लगेच बोट काढू नका. ल्यूब ऑइलचा दाब उभा राहू द्या. पंधरा-वीस सेकंदांत पेटलं नाही तर मात्र सोडा आणि कारण शोधा. अजिबात फिरत नसेल तर बॅटरी, ब्रेकर, फ्यूज बघा. फिरतंय पण पेटत नाही, तर डिझेलचा दाब, ऑस्टा, रॅक. पेटतं आणि बटण सोडल्यावर बंद पडतं, तर तेलाचा दाब किंवा लो वॉटर स्विच. हे तीन प्रकार पाठ असले की रात्री डोकं शांत राहतं.

चालू झाल्यावर इंजिन मिनिटाला 400 फेऱ्यांवर स्थिरावतं. थ्रॉटलच्या आठव्या, म्हणजे शेवटच्या, नॉचला ते 1000वर जातं. बॅटरी चार्ज होतेय का ते अँमीटरवर बघा आणि पुन्हा एकदा खाली उतरून गळती बघा. हवेचा दाब 8 ते 10 किलोंपर्यंत भरू द्या, ब्रेक पाइप 5 किलो. त्याआधी गुटके काढायचे नाहीत.

धूरही वाचायला शिका. नॉच चढवताना क्षणभर काळा धूर येणारच, कारण डिझेल लगेच वाढतं आणि टर्बोला वेग घ्यायला वेळ लागतो. शिंदवण्याच्या घाटात गाडी ओढताना हा धूर आम्ही रोज बघायचो. एकेक नॉच थांबून चढवला, मोटारींना जाणारा करंट दाखवणाऱ्या लोडमीटरकडे नजर ठेवली, तर तो विरून जायचा. टर्बोने वेग घेतल्यावरही काळाच राहिला तर एअर फिल्टर किंवा टर्बोत दोष. निळसर म्हणजे तेल जळतंय. पांढरा राहिला तर पाण्याचा संशय घ्या.

बंद करतानाही कान उघडे ठेवा. ठोके थांबल्यावर टर्बोची शीळ एकटीच उरते आणि हळूहळू खाली उतरत जाते. ती झटक्यात तुटली तर टर्बो घासतोय, लॉगबुकात लिहा. आणि ऑस्टाने बंद केलं असेल तर उतरायच्या आधी दांडी परत सेट करा.