‘बघू का?’ला उत्तर देताना : नव्या हौशी परीक्षकासाठी

शुक्रवारी रात्री नातेवाइकांच्या ग्रुपवर मावशीचा मेसेज येतो, ‘तो नवा सिनेमा पाहिलास ना? उद्या जाऊ का आम्ही?’ हौशी माणसाचं परीक्षण म्हणजे या प्रश्नाला दिलेलं नीट उत्तर. दिग्दर्शकाचं जागतिक सिनेमात स्थान काय, हे मावशीला नको असतं. चौघांची तिकिटं, मध्यंतरातलं पॉपकॉर्न, डोंबिवलीहून ठाण्याला येणं-जाणं आणि एक अख्खी सुट्टी, हे सगळं वसूल होणार का, एवढंच तिला हवं असतं. ‘अप्रतिम’, ‘मास्टरपीस’, ‘वन टाइम वॉच’ यातलं काहीही लिहिलं तरी ते तिला कळत नाही, कारण मागच्या महिन्यात दुसऱ्या सिनेमालाही कुणीतरी हेच लिहिलेलं असतं. पडद्यावर काय दिसलं, काय ऐकू आलं, याचा दाखला द्या. तो पटला तर ती तुमच्याबरोबर, नाही पटला तर तिला स्वतःचं ठरवता येतं.

आधी कोणता खेळ निवडता ते पाहा. शुक्रवारी सकाळचा पहिला खेळ स्वस्त पडतो, पण हॉल निम्मा रिकामा असतो. रहस्यपटाला ते चालतं. विनोदी सिनेमा मात्र रिकाम्या हॉलमध्ये पाहिला की हमखास पडेल वाटतो, कारण हशा संसर्गजन्य असतो आणि तिथे तो पसरायला माणसंच नसतात. विनोदी असेल तर शनिवार संध्याकाळ गाठा. लालबागच्या भारतमातासारख्या एकपडदा थिएटरात लोक पडद्याला उत्तरं देतात, मॉलमधल्या मल्टिप्लेक्समध्ये तोच प्रसंग शांततेत जातो. म्हणून कुठे, कोणत्या खेळाला आणि कोणत्या भाषेत पाहिलात, हे परीक्षणात एका ओळीत सांगायचं. मराठी सिनेमाचं आणखी एक आहे : पहिल्या सोमवारनंतर किती खेळ उरतील याचा भरवसा नसतो. बुधवारी लिहिलेलं सुंदर परीक्षण वाचून माणूस तिकीट काढायला जातो, तेव्हा उरलेला एकच खेळ दुपारी साडेबाराचा आणि वसईला. मराठी सिनेमाबद्दल लिहायचं असेल तर रविवार सकाळच्या आत लिहा.

सिनेमा सुरू होण्याआधी सेन्सॉरचं प्रमाणपत्र काही सेकंद दिसतं. लोक तेव्हा खुर्ची शोधत असतात. तुम्ही मात्र त्यावरची लांबी आणि वर्ग टिपून घ्या. जुन्या सरसकट ‘यूए’चे (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने बघायचे सिनेमे) २०२४ पासून तीन वर्ग झालेत : ७, १३ आणि १६ वर्षांवरचे. मुलांना न्यायचं की नाही हा पालकांचा पहिला प्रश्न, आणि नुसतं ‘यूए’ लिहून तो सुटत नाही. १३ वर्षांचा वर्ग कशामुळे मिळाला असावा तेही सांगा, शिव्यांमुळे की रक्तामुळे. ओटीटीवर मात्र असेच दिसणारे वर्ग २०२१ च्या नियमांनुसार त्या-त्या प्लॅटफॉर्मने स्वतःच दिलेले असतात, सेन्सॉरने नव्हे. तिथे जरा जास्त सावध राहा.

अंधारात टिपणं घेण्यासाठी फोन काढू नका. शेजाऱ्याच्या डोळ्यांत उजेड जातो, हे एक. दुसरं म्हणजे २०२३ च्या दुरुस्तीनंतर थिएटरात सिनेमाचं चित्रीकरण करणं हा तीन महिने ते तीन वर्षं कैदेचा आणि किमान तीन लाख दंडाचा गुन्हा आहे. सिनेमाचं नाव झळकलं की इन्स्टाग्राम स्टोरीसाठी दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्यायची अनेकांना सवय असते. परीक्षण लिहिणाऱ्याने तर ती पहिल्यांदा मोडावी. खिशात मावेल अशी वही आणि पेन्सिल पुरते. पेन उमटतंय की नाही हे अंधारात कळत नाही, पेन्सिल उमटतेच. ओळीवर डाव्या हाताचा अंगठा ठेवायचा, मोठ्या अक्षरात दोन-तीन शब्द लिहायचे आणि अंगठा खाली सरकवायचा, नाहीतर घरी गेल्यावर एकावर एक गिरवलेल्या चार ओळी हाती लागतात. कथा टिपू नका, ती लक्षात राहते. विसरतात ते तपशील : कुणी कुठे बघितलं, कोणतं वाक्य दोनदा आलं, संगीत कुठे अचानक थांबलं. मनगटावरच्या घड्याळाकडे लक्ष गेलं की ‘घ’ एवढंच लिहा. सिनेमा संपल्यावर हे ‘घ’ कुठे दाटीने आलेत ते पाहिलं की ‘रेंगाळतो’ हा शब्द नेमका कुठे वापरायचा ते आपोआप कळतं.

मध्यंतरात समोशाच्या रांगेत उभं राहण्याआधी दोन ओळी लिहा : आत्ता कोणता प्रश्न अडकून राहिलाय, आणि पुढे काय होईल असं वाटतंय. आपल्याकडे पटकथा मध्यंतर धरूनच लिहिली जाते, त्यामुळे तिथलं वळण दुबळं असेल तर तो लेखकाचा दोष. इंग्रजी सिनेमात मात्र मध्यंतर थिएटरवाले आपल्या सोयीने घालतात. संवाद अर्ध्यावर तुटला तर त्याबद्दल दिग्दर्शकाला बोल लावू नका. नवे परीक्षक ही चूक हमखास करतात.

शेवटची श्रेयनामावली संपेपर्यंत बसा. झाडूवाले आत आले तरी बसा. गाण्यांचा संगीतकार आणि पार्श्वसंगीत देणारा पुष्कळदा वेगळे असतात, पटकथा आणि संवादही वेगवेगळ्या हातांचे असू शकतात. ‘पार्श्वसंगीत जमलंय’ म्हणून भलत्याच माणसाची पाठ थोपटली की जाणकार वाचक पुढे वाचतच नाही. मग दादरहून बोरिवली येईपर्यंतच्या वेळात, फोनवर इतरांची मतं न बघता, टिपणं भरून काढा. दुसऱ्याचं एक वाक्य आधी वाचलं की आपलं मत नकळत त्याच्या अवतीभोवती फिरू लागतं.

आता दोष नेमका कुणाचा हे ओळखणं. सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. सिनेमा संथ वाटला की लोक ‘संकलन (म्हणजे एडिटिंग) ढिलं’ लिहितात. पण एकाच गोष्टीसाठी तीन प्रसंग लिहिले असतील तर संकलक किती कापणार? तो पटकथेचा दोष. उलट, प्रसंग संपल्यावरही पात्राच्या चेहऱ्यावर कॅमेरा रेंगाळतोय, दार बंद झाल्यावरही दारच दिसतंय, तिथे संकलनाचं बोला. कोकणात ड्रोन उडवला, समुद्र निळाशार दिसला, म्हणजे छायालेखन, म्हणजे कॅमेऱ्याचं काम, चांगलं असं नव्हे. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं बोलताना कोण कुणापासून लांब बसलंय हे ज्याच्या चौकटीतून कळतं, त्याचं कौतुक करा. संवाद ऐकू आले नाहीत तर लिहायच्या आधी दुसऱ्या थिएटरात पाहिलेल्या कुणाला तरी विचारा, हॉलचा स्पीकर गेलेला असू शकतो. चित्र अंधारं वाटलं तरी तेच, मंद दिव्यावर चालवलेला प्रोजेक्टर कुठल्याही छायालेखकाला बदनाम करू शकतो.

बोलीबद्दल एक सांगायलाच हवं. मालवणी, आगरी, वऱ्हाडी तुम्ही घरी बोलत नसाल तर ‘बोली अस्सल’ असं प्रशस्तिपत्रक देऊ नका. बोलणाऱ्या एकाला ऐकवा, मग लिहा. आणि आगरी बोलणारं पात्र केवळ हसण्यासाठीच आणलं असेल, तर तेही लिहा.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते पाहू. समजा, गिरणी संपाच्या काळातल्या परळमधल्या दोन भावांचा सिनेमा आहे. (सिनेमा काल्पनिक, संप खरा, जानेवारी १९८२ चा.) पहिला खर्डा साधारण असा उतरतो : ‘दिग्दर्शकाने परळचं वातावरण छान उभं केलं आहे. थोरल्या भावाचा अभिनय दमदार. छायाचित्रण सुंदर. उत्तरार्ध मात्र रेंगाळतो.’ चार वाक्यं, आणि यातलं एकही खोडून काढता येत नाही, कारण धरायला काही नाहीच. सिनेमा न पाहताही हे लिहिता आलं असतं. आता वही उघडून पुन्हा लिहा :

‘संप लांबतो तशी घरातल्या मांडणीवरची भांडी एकेक करून कमी होत जातात. कॅमेरा तिकडे बोट दाखवत नाही, माणसं बोलत असताना मागची रिकामी जागा तेवढी वाढत राहते. गिरणी चालू असताना दारात उभ्या-उभ्या चहा पिणारा थोरला पुढे आत भिंतीला टेकून चहा पितो, आणि कप रिकामा झाला तरी हातातून सोडत नाही. पण मध्यंतरानंतर धाकट्याच्या लग्नाची गाणी सुरू होतात आणि पाऊण तास घरात संपाचा उल्लेखही होत नाही.’

‘छान’, ‘दमदार’, ‘सुंदर’ तिन्ही गेले, तरी मत आधीपेक्षा स्पष्ट झालं. शेवटही फुटला नाही. कुणी म्हणेल, ‘लग्नाच्या गाण्यांतही मला संपच दिसला.’ उत्तम, आता वाद घालण्यासारखं काही आहे.

याच सिनेमात थोरला लोकलमधून उतरतो आणि मागे पाटी दिसते ‘प्रभादेवी’. एल्फिन्स्टन रोड स्थानकाला हे नाव २०१८ मध्ये मिळालं. मुंबईकर प्रेक्षकाला असली चूक चटकन दिसते आणि ती सांगण्यात मजाही येते. पण तिचं वजन किती तेही सांगा. एका शॉटमधली पाटी हा निष्काळजीपणा, त्यावर अर्धं परीक्षण खर्च करू नये. अंधेरीहून थेट ठाण्याची लोकल पकडून नायक वेळेत पोहोचतो आणि त्यावरच क्लायमॅक्स उभा असेल, तर गोष्टीचा पायाच ठिसूळ आहे, तिथे खुशाल ताणा. अशी थेट लोकल नाहीच.

कथा किती फोडायची? ट्रेलरमध्ये दिसलेलं आणि पहिल्या पावभागात घडलेलं सांगायला हरकत नाही. दोन तास वीस मिनिटांचा सिनेमा असेल तर पहिली पस्तीस मिनिटं. त्यापुढचं झाकून ठेवा. ‘शेवटी जबरदस्त धक्का आहे’ हेही फोडणंच झालं, प्रेक्षक मग दोन तास त्या धक्क्याचीच वाट बघत बसतो. एकूण चारशे शब्द पुरेत. कुणी बघावा, कुणी टाळावा, हे पहिल्या तीन ओळींत यायला हवं.

ताऱ्यांवर फार डोकं घालू नका. स्वतःची पट्टी एकदा ठरवा आणि ती बदलू नका. सिनेमांना गुण देण्याच्या वेबसाइटींपैकी लेटरबॉक्स्डवर ते पाचपैकी अर्ध्या-अर्ध्या ताऱ्याने देतात, आयएमडीबीवर दहापैकी. आयएमडीबीवर दिसणारा आकडा सगळ्या मतांची साधी सरासरी नसतो, तिथे मतांना वेगवेगळं वजन दिलेलं असतं. साडेतीन तारे ही निर्णय टाळणाऱ्यांची लाडकी जागा आहे, तिथे सारखे जाऊन बसू लागलात तर वही पुन्हा तपासा.

मालिकांना हे सगळं जसंच्या तसं लागू पडत नाही. आठवड्याला सहा भाग आणि अर्ध्या तासातून जाहिराती वजा जाता साधारण बावीस मिनिटं, हा वेगळाच प्राणी आहे. एका भागावरून लिहू नका. पहिले दोन आठवडे, म्हणजे बारा भाग पाहा, आणि तीन महिन्यांनी पुन्हा एक आठवडा. रोज एका ओळीत काय घडलं ते लिहा. सहा ओळी दोनमध्ये मावत असतील तर मालिका पाणी घालतेय, आणि तुमच्याकडे पुरावा आहे. पण पात्रं सगळं बोलून का दाखवतात यावर नाक मुरडण्याआधी बघणारीकडे बघा. ती कुकरच्या शिट्ट्या मोजत, पोळ्या लाटत मालिका ऐकत असते, निम्मा वेळ पडद्याकडे पाठ असते. संवाद तिच्यासाठी लिहिलेले असतात. तक्रार करायची ती तीनदा झूम होणाऱ्या चेहऱ्याची करा, कारण ते ऐकणारीच्याही कामाचं नाही. एखादं पात्र अचानक गायब झालं तर कारणांचे तर्क लढवू नका. तारखांचा घोळ असेल, टीआरपी असेल, तुम्हाला पडद्यावरचंच माहीत आहे.

वेब सीरिज दीडपट वेगाने पाहून ‘पेसिंग’वर, म्हणजे गोष्टीच्या वेगावर, लिहिणारे बरेच आहेत, त्यांच्यात जाऊ नका. तीनच भाग पाहिले असतील तर तसं स्पष्ट लिहा. ॲप कधीकधी परस्पर हिंदी डबिंग लावतं. अभिनयावर शेरा मारण्याआधी मूळ आवाज लावून खात्री करा.

व्हिडिओ करणार असाल तर क्लिप जपून वापरा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ समीक्षेसाठी वाजवी वापराला सूट देतं, पण यूट्यूबच्या यंत्राला कलम कळत नाही. ते गाण्याची चाल ओळखतं आणि दावा लावून मोकळं होतं. कॉपीराइटचे तीन स्ट्राइक, म्हणजे हक्कदाराच्या तक्रारीवरून लागलेले ठपके, नव्वद दिवसांत आले तर चॅनलच जाऊ शकतो. स्वतःचा आवाज, स्वतःचा चेहरा, एखादं पोस्टर, एवढ्यावर भागतं. गाणं पार्श्वभूमीला मुळीच नको.

थोडे वाचक जमले की फुकट पास येऊ लागतात, सोबत ‘एवढं टाका’ म्हणून तयार मजकूरही. पास घ्यायचा तर घ्या, मजकूर घेऊ नका. आणि पास मिळाल्याचं मराठीत, पहिल्याच ओळीत सांगा, हॅशटॅगांच्या ढिगाखाली नव्हे. ग्राहक व्यवहार खात्याच्या जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पैसेच नव्हे, फुकट मिळालेला लाभही उघड करावा लागतो.

नजर घासून घ्यायची तर मुंबईत जागा आहेत. १९६८ पासूनची प्रभात चित्र मंडळ ही फिल्म सोसायटी, माहितीपटांचा मिफ (मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव), थर्ड आय आशियाई चित्रपट महोत्सव. सिनेमापेक्षाही तिथे सिनेमा संपल्यावर पायऱ्यांवर चालणारी भांडणं ऐका. कोण प्रसंगाचा दाखला देऊन भांडतं आणि कोण नुसत्या आवाजावर, हे दोन मिनिटांत ओळखू येतं.

नायकाचे चाहते अंगावर येतीलच. जो एखादा प्रसंग सांगून तुम्हाला खोटं पाडतो, त्याला उत्तर द्या. बाकीच्यांना सोडून द्या. त्याचं म्हणणं बरोबर निघालं, किंवा कुणाचं नाव चुकलं असेल, तर मूळ वाक्य गुपचूप बदलू नका. खाली ‘दुरुस्ती’ लिहून तारीख टाका आणि काय चुकलं होतं ते एका ओळीत लिहा.